इंधन इंजेक्शन बदलायचे की नाही? आधी मोजमाप, मग खर्च

रोजच्या वापरातील आणि ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारींच्या गरजा वेगळ्या. मोठ्या इंजेक्टरने शक्ती आपोआप वाढत नाही

विशेष प्रतिनिधी

पुणे : देशभरातील पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागल्यापासून जुन्या मोटारींच्या मालकांना गॅरेजमध्ये एक सल्ला ऐकावा लागतो : इंजेक्टर मोठे बसवून घ्या. कोइंबतूरजवळील कारी मोटर स्पीडवेवर, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर हौसेने स्वतःची गाडी पळविणाऱ्यांनाही हाच सल्ला दिला जातो. दोघांच्या तक्रारी वेगळ्या असतात. औषध मात्र एकच सुचविले जाते.

हा खर्च करावा की नाही, याचे उत्तर गाडीच्या किमतीवर किंवा मालकाच्या हौसेवर ठरत नाही. सध्याची इंधन यंत्रणा इंजिनाची गरज भागविण्यात कमी पडते आहे का, या एकाच प्रश्नावर ते ठरते. हा प्रश्न मोजून सोडविता येतो. न मोजता घेतलेल्या निर्णयाची किंमत मात्र मोठी असू शकते : वितळलेला पिस्टन, निकामी झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नाकारले गेलेले पीयूसी प्रमाणपत्र किंवा इंजिनाच्या कप्प्यात लागलेली आग.

हवा आधी, इंधन नंतर

पेट्रोल इंजिनाची शक्ती मुळात ते किती हवा आत घेऊ शकते यावर ठरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण भाराखाली इंजिन थंड राहावे आणि जास्तीत जास्त शक्ती मिळावी म्हणून हे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास, म्हणजे इंधनाच्या बाजूला थोडे झुकते ठेवले जाते. मिश्रणात इंधन कमी पडले तर मेकॅनिक त्याला ‘लीन’ म्हणतात आणि जास्त झाले तर ‘रिच’.

इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी आहे. किती हवा आत आली हे संवेदक सांगतात, त्यानुसार तोटी किती वेळ उघडी ठेवायची हे गाडीतील संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. तोटी मोठी बसवली आणि हवा तेवढीच राहिली, तर ईसीयू ती कमी वेळ उघडतो. त्याला तेवढे कमी करणे जमले नाही, तर जास्तीचे पेट्रोल धूर होऊन बाहेर पडते. शक्ती दोन्ही बाबतींत वाढत नाही. म्हणूनच मोठे इंजेक्टर ही सुधारणेची पहिली पायरी ठरत नाही. टर्बोचार्जर, वेगळा कॅमशाफ्ट किंवा मोकळा एक्झॉस्ट बसवून हवा वाढविल्यानंतर जी पोकळी निर्माण होते, ती भरण्यासाठी ते लागतात.

‘एमपीएफआय’पासून थेट इंजेक्शनपर्यंत

भारतीय रस्त्यांवर इंधन इंजेक्शन सार्वत्रिक होण्यामागे प्रदूषणाचा प्रश्न होता. दिल्लीच्या हवेसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी क्षेत्रातील नव्या खासगी मोटारींना युरो निकष लागू करण्याचा आदेश दिला. त्यानंतर कार्ब्युरेटर वेगाने मागे पडला आणि मारुतीच्या गाड्यांच्या मागील दारावर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, असा त्यांचा अर्थ होता. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. इंधनावरचे नियंत्रण प्रत्येक टप्प्यावर अधिक काटेकोर होत गेले.

आज रस्त्यावर प्रामुख्याने दोन प्रकारच्या यंत्रणा आढळतात. पहिल्या प्रकारात इंजेक्टर सेवन नलिकेत, व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारतो आणि त्यासाठी साधारण ३ ते ४ बार दाब पुरतो. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तेथे दाब शेकडो बारमध्ये असतो. सुधारणेचा विचार करताना आपली गाडी कोणत्या गटातील आहे, हे आधी पाहावे लागते. पहिल्या गटातील काम तुलनेने सोपे आहे. दुसऱ्या गटातील काम महाग असून त्याचे ज्ञान मोजक्याच ठिकाणी मिळते.

रोजची गाडी : सुधारणा की दुरुस्ती?

रोज कार्यालयात जाणाऱ्या गाडीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सकाळी लवकर सुरू होत नाही, सिग्नलवर थरथरते, पेट्रोल जास्त खाते, चढावर दम तोडते. यातील कोणतीही तक्रार इंजेक्टर लहान असल्याची खूण नाही. गाडी नवी असताना याच आकाराच्या इंजेक्टरवर ती व्यवस्थित चालत होती. मधल्या काळात काहीतरी बिघडले, झिजले किंवा तुंबले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तपासणीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे जाणारा असावा. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर, सेवन नलिकेतील हवेची गळती, पेट्रोल फिल्टर, पंपाचा प्रत्यक्ष दाब, हवेचा व ऑक्सिजनचा संवेदक आणि शेवटी इंजेक्टर. टाकीतील पंप थकला की दाब उतरतो आणि दोष इंजेक्टरच्या माथी मारला जातो. दाबमापक लावून दहा मिनिटांत जे कळते, त्यासाठी इंजेक्टरचा नवा संच घेण्याचे कारण नाही.

ओबीडी सॉकेट असलेल्या गाड्यांत आणखी एक साधन मोफत उपलब्ध असते. ऑक्सिजन संवेदकाच्या सूचनेनुसार ईसीयू इंधनात सतत किती टक्के वाढ किंवा घट करीत आहे, हे साध्या स्कॅनरवर दिसते. त्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. हा आकडा शून्याच्या आसपास असेल तर यंत्रणा निरोगी समजावी. तो दीर्घकाळ अधिक १० टक्क्यांच्या वर राहिला तर कोठेतरी इंधन कमी पडते आहे किंवा न मोजलेली हवा आत येते आहे. मर्यादा ओलांडली की ‘पी ०१७१’ हा लीन मिश्रणाचा संकेत नोंदला जातो. मंद गतीला ट्रिम वाढलेला आणि वेगात सामान्य असेल तर बहुधा हवेची गळती असते. वेगात आणि भाराखाली तो वाढत गेला तर संशय पंप, फिल्टर किंवा तुंबलेल्या इंजेक्टरवर जातो.

येथे एक सावधगिरी हवी. बहुतेक गाड्यांत चारही सिलिंडरांसाठी मिळून मिश्रण तपासणारा एकच ऑक्सिजन संवेदक असतो. एक इंजेक्टर तुंबून कमी पेट्रोल देऊ लागला, तर ईसीयू सरासरी सांभाळण्यासाठी चारही इंजेक्टर जास्त वेळ उघडतो. आकडा ठीक दिसतो. प्रत्यक्षात एक सिलिंडर उपाशी आणि तीन अजीर्ण झालेले, अशी अवस्था असते. त्यामुळे शंका असल्यास इंजेक्टर काढून प्रवाह चाचणी घेणे योग्य ठरते. या चाचणीत चारही इंजेक्टर एकाच दाबावर काचेच्या नळ्यांमध्ये फवारले जातात आणि पातळ्यांची तुलना केली जाते. फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा. अल्ट्रासॉनिक पद्धतीने साफ करून घेतलेले मूळ इंजेक्टर अनेकदा पुन्हा जुळून येतात. हा खर्च नव्या संचाच्या तुलनेत किरकोळ असतो.

बाजारातील स्वस्त नकली संचांचा धोकाही हाच आहे. त्यांचा बाह्य आकार जुळतो, पण चारही नगांचा प्रवाह एकमेकांशी जुळेलच याची खात्री नसते.

वीस टक्के इथेनॉलचा हिशेब

देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची निवडक पंपांवरील विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते : एक किलोला सुमारे ९ किलो. लिटरमागील ऊर्जाही पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. परिणामी २० टक्के मिश्रणासाठी हवा आणि इंधनाचे योग्य प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येते.

याचा अर्थ, निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत इंजेक्टरला सुमारे सात टक्के आणि १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत चार टक्क्यांच्या जवळपास जास्त इंधन द्यावे लागते. ऑक्सिजन संवेदक असलेल्या इंजेक्शनच्या गाडीत ही वाढ ईसीयूच्या नेहमीच्या दुरुस्तीच्या आवाक्यात असते. पूर्ण भाराखाली अनेक गाड्यांचा ईसीयू संवेदकाकडे न पाहता साठविलेल्या तक्त्यावर चालतो. तरीही कारखान्याने ठेवलेली राखीव क्षमता सहसा चार टक्क्यांपेक्षा जास्त असते. म्हणजे केवळ इथेनॉलसाठी रोजच्या गाडीत मोठे इंजेक्टर बसविण्याचे कारण उरत नाही.

मायलेज घटण्याची तक्रार खरी आहे. परंतु ती इंधनातील ऊर्जेशी निगडित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, निव्वळ पेट्रोलसाठी रचना केलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींच्या इंधन कार्यक्षमतेत सहा ते सात टक्के घट अपेक्षित धरली होती. मोठा इंजेक्टर ही घट भरून काढू शकत नाही.

जुन्या गाडीत खरी काळजी घ्यावी लागते ती नळ्या आणि सील यांची. इथेनॉल काही प्रकारच्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते, पाणी शोषून घेते आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवते. हा गाळ पुढे फिल्टरमध्ये व पंपाच्या जाळीत अडकतो. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीचा मालक खर्च करूच इच्छित असेल, तर तो इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, इंजेक्टरची ओ-रिंग आणि नवा फिल्टर यांवर करावा. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे अधिक गरजेचे आहे, विशेषतः कोकण, गोवा किंवा ईशान्येकडील दमट हवेत.

कागदावरचे गणित

ट्रॅकसाठी गाडी तयार करणाऱ्याला मात्र अधिक इंधनाची गरज खरोखरच पडू शकते. किती, हे साध्या गणिताने काढता येते. नैसर्गिकरीत्या हवा घेणारे पेट्रोल इंजिन पूर्ण शक्तीवर प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२७ ग्रॅम पेट्रोल खाते. टर्बो इंजिनाला तेच सुमारे २७२ ग्रॅम लागते. पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ७४० ग्रॅम धरावी.

उदाहरण म्हणून २००५ मध्ये भारतात आलेली पहिली स्विफ्ट घेऊ. तिचे १,२९८ सीसीचे इंजिन ८७ अश्वशक्तीचे होते. वरील हिशेबाने त्याला पूर्ण शक्तीवर तासाला १९.७ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे ४४५ सीसी पेट्रोल लागेल. चार इंजेक्टरांत विभागल्यास प्रत्येकी १११ सीसी. परंतु इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवता येत नाही. तो तापतो, नीट बंद होत नाही आणि संगणकाच्या हातून नियंत्रण सुटते. त्यामुळे चक्राच्या ८० टक्के वेळेपर्यंतच तो उघडा असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. या मर्यादेत १११ सीसी देण्यासाठी किमान १३९ सीसी क्षमतेचा इंजेक्टर हवा.

आता कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट आणि हेडवरील काम करून शक्ती १०० अश्वशक्तीपर्यंत नेली, असे समजू. गरज प्रत्येकी १२८ सीसीवर जाते. इंजेक्टर १३९ सीसीचेच ठेवले तर ते चक्राच्या ९२ टक्के वेळ उघडे राहतील. ही धोक्याची पातळी झाली. सुरक्षित मर्यादेसाठी १६० सीसीचा आणि २० टक्के इथेनॉल धरल्यास १७० सीसीच्या थोड्या वरचा इंजेक्टर लागेल. म्हणजे वाढ साधारण २० ते २५ टक्क्यांची. या इंजिनासाठी दुपटीच्या क्षमतेचा संच घेणे निरर्थक ठरते.

दुसरा मार्ग दाबाचा आहे. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब ३ बारवरून ४ बारवर नेला तर प्रवाह सुमारे १५ टक्के वाढतो. ८७ वरून १०० अश्वशक्तीकडे जाताना इंधनाची गरजही तेवढीच वाढते. मूळ इंजेक्टर चांगले असतील आणि पंप वाढीव दाबावर पुरेसे पेट्रोल देत असेल, तर एवढ्या टप्प्यापर्यंत इंजेक्टर न बदलताही काम भागू शकते. मात्र दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो, त्यामुळे पंपाची चाचणी आधी करावी लागते. ईसीयूमधील तक्ताही नव्याने जुळवावा लागतो.

मंद गतीला मोजावी लागणारी किंमत

‘थोडे मोठेच बसवू, पुढे उपयोगी पडतील’ हा विचार रोजच्या गाडीत अंगलट येतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर इंजिनाचे एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपते. ८० टक्क्यांच्या मर्यादेत इंजेक्टरला १६ मिलिसेकंद मिळतात. सिग्नलवर ८०० फेऱ्यांवर चक्र १५० मिलिसेकंदांचे असते, पण पेट्रोल अगदी थोडे लागते. इंजेक्टर जेमतेम अडीच मिलिसेकंद उघडतो. त्यातील जवळपास एक मिलिसेकंद सुई उचलण्यातच जातो. प्रत्यक्ष फवारणीला दीड मिलिसेकंद उरतो.

इंजेक्टरची क्षमता दुप्पट केली तर हा दीड मिलिसेकंद पाऊण होतो. इतक्या अल्प वेळेत इंजेक्टरचा प्रवाह एकसारखा राहत नाही. प्रत्येक फवाऱ्यात कमीजास्त होते, गाडी थरथरते, एसी सुरू केला की बंद पडते, सकाळी पेट्रोलचा वास येतो. सतत रिच चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि ते ऑइलमध्ये उतरते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न जळालेल्या इंधनाने तापून निकामी होतो.

पीयूसी चाचणी मुख्यतः मंद गतीवरच होते. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल चारचाकींना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, अशी मर्यादा आहे. ट्रॅकवर उत्तम चालणारी गाडी या चाचणीत नापास होण्याचे कारण बहुधा येथेच दडलेले असते.

ट्रॅकवरची खरी कसोटी

शहरात पूर्ण थ्रॉटल सलग पाच-सहा सेकंदही क्वचित दिला जातो. बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्यावर हाच काळ वीस सेकंदांच्या पुढे जातो आणि प्रत्येक फेरीत त्याची पुनरावृत्ती होते. पंप, दाब आणि मिश्रण यांतील जी उणीव रस्त्यावर लपून राहते, ती येथे उघडी पडते. पूर्ण भाराखाली मिश्रण लीन झाले तर ज्वलनकक्षाचे तापमान वाढते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टनचा माथा किंवा रिंगमधील भाग तुटू शकतो.

तरीही ट्रॅकवरील इंधनाची पहिली अडचण अनेकदा इंजेक्टरची नसून टाकीची असते. लांब वळणावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन झटका देते. रोजच्या गाडीच्या टाकीची रचना असे सततचे पार्श्वबल धरून केलेली नसते. टाकी अर्ध्याच्या वर ठेवणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. जोर वाढला की सर्ज टँक, म्हणजे मुख्य पंप आणि इंजिन यांच्या मध्ये बसणारी छोटी राखीव टाकी, उपयोगी पडते. कारी स्पीडवेसारख्या २.१ किलोमीटरच्या, लागोपाठ वळणांच्या ट्रॅकवर ही अडचण लवकर जाणवते.

त्यामुळे ट्रॅकच्या गाडीत खर्चाचा क्रम असा राहतो : आधी पुरवठ्याची स्थिरता, मग पंपाची क्षमता, मग वाइडबँड ऑक्सिजन संवेदक बसवून पूर्ण भाराखालील मिश्रणाची नोंद, आणि त्या नोंदीत कमतरता दिसली तरच इंजेक्टर. इंजेक्टर बदलले की ईसीयूची जुळवणी ओघाने आलीच. नव्या इंजेक्टरची क्षमता आणि उघडण्यास लागणारा वेळ ईसीयूला सांगितल्याशिवाय ते बसविणे म्हणजे तराजूचे वजन बदलून जुन्याच भावाने माल विकणे होय. स्वतंत्र ईसीयू आणि डायनोवरील जुळवणी यांचा एकत्रित खर्च लाखाच्या घरात जातो, हे अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावे.

थेट इंजेक्शनच्या गाड्या

२०१३ मध्ये आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय हे १०५ पीएसचे, १.२ लिटरचे थेट इंजेक्शनचे टर्बो इंजिन असलेले हौशी चालकांचे आवडते मॉडेल. अशा गाड्यांत इंजेक्टरला वेळ फारच कमी मिळतो. पेट्रोल सेवन आणि संपीडन या दोन फेऱ्यांतच सिलिंडरमध्ये जाऊन हवेत मिसळावे लागते, त्यामुळे चक्रातील निम्म्याहून कमी वेळच हाताशी असतो. क्षमतेची पहिली मर्यादा बहुधा उच्च दाबाच्या पंपाची असते.

सौम्य सॉफ्टवेअर सुधारणा सहसा मूळ पंप व इंजेक्टरच्या राखीव क्षमतेतच बसते. त्यापुढे जाताना पंप आणि इंजेक्टर दोन्ही बदलावे लागतात आणि खर्च कैक पटींनी वाढतो. या गाड्यांत पेट्रोल सेवन व्हॉल्व्हवरून वाहत नसल्याने त्यावर काजळी साचते. शक्ती कमी झाल्याची तक्रार असेल तर नव्या भागांपूर्वी व्हॉल्व्हची साफसफाई करून पाहावी.

कार्ब्युरेटरवरून इंजेक्शनकडे

रोजच्या गाडीत इंजेक्शनवर खर्च करणे खऱ्या अर्थाने फायद्याचे ठरू शकते, ते जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीबाबत. कार्ब्युरेटर इथेनॉलचे प्रमाण ओळखू शकत नाही, की उंचीवरील विरळ हवाही. लेहच्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास ३० टक्के कमी असते. तेथे कार्ब्युरेटरची गाडी रिच होऊन घुसमटते. इंजेक्शनची गाडी स्वतःला जुळवून घेते.

मात्र हे काम चार इंजेक्टर बसवून संपत नाही. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब अर्ध्या बारपेक्षाही कमी असतो. म्हणजे नवा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या, टाकीकडे परत जाणारी वाहिनी, क्रँक संवेदक, ऑक्सिजन संवेदक आणि नवी वायरिंग हे सारे लागते. दहापट दाबाच्या वाहिनीवर जुनी रबरी नळी आणि साधी क्लिप ठेवणे ही आगीला दिलेली उघड निमंत्रणपत्रिका आहे. हे काम अर्धवट करण्यापेक्षा कार्ब्युरेटरचे जेट इथेनॉलप्रमाणे बदलून घेणे शहाणपणाचे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत नमूद तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खराब इंजेक्टर काढून त्याच क्षमतेचा बसविणे ही दुरुस्ती आहे. तिला अडचण नाही. सीएनजी किट हा इंधन यंत्रणेतील बदल कायदेशीर मार्गाने होतो, कारण किटला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी आणि नोंदणी पुस्तिकेत नोंद, अशी निश्चित पद्धत त्यासाठी आहे. शक्ती वाढविण्यासाठी बदललेले इंजेक्टर आणि ईसीयू यांना अशी वाट उपलब्ध नाही. त्यांची माहिती विमा कंपनीला न दिल्यास अपघातानंतरचा दावा अडचणीत येऊ शकतो, तर हमीच्या मुदतीतील गाडीची हमी धोक्यात येते.

सोमवारी कार्यालयात आणि रविवारी ट्रॅकवर जाणाऱ्या एकाच गाडीचा पेच येथे सर्वाधिक जाणवतो. अशा गाडीसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे इंजिन मूळ स्थितीत ठेवून ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर आणि चालकाचे प्रशिक्षण यांवर खर्च करणे. हौशी चालकाच्या फेरीचा वेळ याच गोष्टींनी लवकर सुधारतो. इंजिनात मोठे बदल करायचेच असतील, तर ती गाडी केवळ ट्रॅकसाठी ठेवून ट्रेलरवरून नेणे हा प्रामाणिक पर्याय आहे.

निर्णयापूर्वीचे पाच प्रश्न

१. तक्रार नेमकी कोणती? मंद गतीची, मायलेजची किंवा सकाळी सुरू न होण्याची असेल, तर मोठे इंजेक्टर हे तिचे उत्तर नाही.

२. पंपाचा दाब, फिल्टर, हवेची गळती आणि फ्युएल ट्रिम तपासले का? मूळ इंजेक्टरची प्रवाह चाचणी झाली का?

३. इंजिनात जाणारी हवा वाढली आहे का? नसेल, तर विषय येथेच थांबतो.

४. पूर्ण भाराखाली इंजेक्टर चक्राच्या किती टक्के वेळ उघडा राहतो? ८० टक्क्यांच्या आत आणि मिश्रण योग्य असेल, तर बदलाची गरज नाही.

५. जुळवणी, नळ्या, पंप, पीयूसी आणि विमा यांचा हिशेब खर्चात धरला आहे का?

या पाचही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच गॅरेजमध्ये जावे. रोजच्या गाडीचा मालक बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नापाशीच थांबेल आणि एक फिल्टर, काही ओ-रिंग आणि इंजेक्टरची साफसफाई एवढ्यावर त्याचे काम होईल. ट्रॅकवर जाणाऱ्याने चौथ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने न देता नोंदीवरून द्यावे. त्या नोंदीसाठी लागणारा वाइडबँड संवेदक इंजिन उघडून पिस्टन बदलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.